‘बाहुलीने मारले’ : खुनी खेळण्यांचे भयपट आणि तृतीया विभक्ती

‘बाहुलीने मारले’ हे मराठी वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असून अर्थदृष्ट्या संदिग्ध आहे. कोणी एकाने हाती लागलेली लाकडी बाहुली दुसऱ्याच्या डोक्यात घातली, असा त्याचा एक अर्थ होतो. बाहुली आपण होऊन उठली व तिने मारले, असा दुसरा अर्थ होतो. पहिल्या अर्थी बाहुली हे करण आहे, दुसऱ्या अर्थी ती कर्त्री आहे. प्रत्यय मात्र दोहोंस एकच. संस्कृत व्याकरणातही क्रियापदाने न सांगितलेला कर्ता आणि करण या दोन्ही कारकांस पाणिनीने तृतीयाच विहित केली आहे, हे येथे स्मरणात ठेवण्याजोगे आहे. (‘मारले’ म्हणजे चोपले की ठार केले, ही आणखी एक संदिग्धता या वाक्यात आहे. तिचा विचार येथे कर्तव्य नाही.)

नित्याच्या व्यवहारात ही द्व्यर्थता आपणांस जाचत नाही. काठी, दगड, सुरी ही करणे होत आणि मुलगा, वाघ, दरोडेखोर हे कर्ते होत, हे ज्ञान आपण वाक्य ऐकण्यापूर्वीच बाळगून असतो, आणि ते प्रत्ययाच्या मदतीस धावून येते. परंतु या ज्ञानाने ऐनवेळी पाठ फिरवली तर काय होते, याचा प्रयोग अमेरिकेतील चित्रपट व दूरचित्रवाणी यांच्या एका उपेक्षित दालनात सुमारे साठ वर्षे चालू आहे. खुनी खेळण्यांचे अल्पखर्ची भयपट हे ते दालन होय. समीक्षकांनी त्याकडे बहुधा नाक मुरडूनच पाहिले आहे, आणि यातील बहुसंख्य कृती त्याच योग्यतेच्या आहेत हेही मान्य केले पाहिजे. तथापि ज्या थोड्या कृती खरोखर भय उत्पन्न करतात त्या ते कशाच्या बळावर करतात, हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकास टाळता येण्यासारखा नाही. खेळणे कर्ता झाले म्हणून भय वाटते, असे सामान्यतः समजले जाते. प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. खेळणे कर्ता आहे की करण, याचा निर्णय लागत नाही तोवरच भय टिकते. आणि पैशाची चणचण हा निर्णय लांबणीवर टाकण्यास दिग्दर्शकाला भाग पाडते, असे त्याचे मत आहे.

आरंभी ‘खेळणे’ या शब्दाकडेच पाहावे. ‘-णे’ हा प्रत्यय मराठीत क्रियेचे नाव सिद्ध करतो आणि त्या क्रियेच्या साधनाचेही. लाटण्याची क्रिया ते लाटणे आणि जिने लाटावयाचे ती वस्तूही लाटणेच, उलथण्याचेही तसेच. ‘खेळणे’ हा शब्द याच कुळातील होय. म्हणजे आपल्या भाषेने या वस्तूस जन्मतःच करणाच्या पंक्तीत बसविले आहे आणि वर नपुंसकलिंग देऊन तिचे कर्तृत्व आणखी दुबळे केले आहे. ‘कळसूत्री बाहुले’ हा आपला वाक्प्रचारही तेच सांगतो. ज्याला स्वतःची इच्छा नाही अशा माणसास आपण ते विशेषण लावतो, आणि त्यातही ‘बाहुले’ हे नपुंसकलिंगी रूपच पसंत करतो.

निर्जीव वस्तू सजीव भासण्यातील भयाचा विचार युरोपीय मानसशास्त्रात पूर्वीच झालेला आहे. येन्त्श याने १९०६ मध्ये असे मांडले की, एखादी वस्तू सजीव आहे की निर्जीव याविषयी बुद्धीचा निश्चय न होणे, हे या विलक्षण भीतीचे मूळ होय. फ्रॉइडने १९१९ मधील आपल्या निबंधात त्याचा प्रतिवाद केला. हॉफमानच्या ‘वाळूवाला’ या कथेतील ऑलिंपिया नामक बाहुलीला त्याने गौण स्थान दिले आणि एक मार्मिक आक्षेप घेतला : लहान मुले आपल्या बाहुल्या जिवंत होतील म्हणून भीत नाहीत, उलट तसे व्हावे अशी त्यांची इच्छा असते. फ्रॉइडचे निरीक्षण बरोबर आहे, परंतु त्यावरून येन्त्शचा पक्ष खोटा ठरत नाही. मूल खेळताना ‘बाहुली जेवते’, ‘बाहुली रुसली’ असे म्हणते, तेव्हा बाहुलीला जेवविणारे आणि रुसविणारे कोण हे त्यास पक्के ठाऊक असते. तेथे निर्णय झालेला आहे. भीती वाटते ती खोलीत नंतर आलेल्या प्रौढास. निजावयास जाताना बाहुली कपाटात होती, सकाळी ती जिन्यात आहे. कोणी ठेवली, हे सांगणारा कोणी नाही.

येथे मराठी व्याकरणातील एक विशेष आपल्या फार उपयोगी पडतो. कर्ता आणि करण यांचा हा घोळ मराठीत सर्व काळांत होत नाही. वर्तमानकाळी ‘बाहुली मारते’ आणि ‘तो बाहुलीने मारतो’ ही वाक्ये एकमेकांपासून स्वच्छ वेगळी राहतात, कारण तेथे कर्ता प्रथमेत येतो. भविष्यकाळीही तसेच. भूतकाळात सकर्मक क्रिया आली की मात्र कर्त्यासही ‘-ने’ लागतो आणि दोन्ही कारके एकाच पोशाखात समोर उभी राहतात. ‘त्याने बाहुलीने मारले’ असे पूर्ण वाक्य असेल तर संशय फिटतो. पण या चित्रपटांत ‘त्याने’ हे पद नेमके हरवलेले असते.

चित्रपट हे वर्तमानकाळी माध्यम आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पडद्यावर जे घडते ते आपल्या डोळ्यांदेखत घडते. मग त्यास भूतकाळ कसा साधतो? तो गाळणीने साधतो. खुर्चीवर बसलेली बाहुली. मध्ये दुसरेच काही. मग रिकामी खुर्ची. या रिकाम्या खुर्चीस चित्रपटाचा भूतकाळ म्हणावयास हरकत नाही. क्रिया घडून गेलेली आहे, क्रियापद आपण ऐकलेले नाही, आणि ते पुरविण्याचे काम प्रेक्षकाकडे आलेले आहे. ज्या निर्मात्यापाशी बाहुलीस चालविण्याचे, वळविण्याचे, हात उगारावयास लावण्याचे साधन नाही, त्याला ही गाळणी करण्यावाचून गत्यंतरच नसते.

या प्रकारातील सर्वांत निर्दोष कृती चित्रपट नसून दूरचित्रवाणीवरील सुमारे पंचवीस मिनिटांचे एक प्रकरण आहे. ‘द ट्वायलाइट झोन’ या मालिकेतील ‘लिव्हिंग डॉल’ हे प्रकरण १ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाले. श्रेयनामावलीत लेखक म्हणून चार्ल्स बोमाँटचे नाव आहे. प्रत्यक्षात संहिता जेरी सोल याने लिहिली. टेली सवालास याने त्यात एका सावत्र पित्याची भूमिका केली आहे. पत्नीने मुलीसाठी आणलेली महागडी बोलकी बाहुली त्याच्या डोळ्यांत सलते. बाहुलीची बोलण्याची तऱ्हा ठराविक आहे : प्रथम ती आपले नाव सांगते, मग समोरच्यावर आपले प्रेम असल्याचे सांगते. मुलगी व तिची आई यांच्यापुढे ती आरंभी एवढेच बोलते. पित्याशी एकान्तात मात्र नावाचा पूर्वार्ध जसाच्या तसा ठेवून उत्तरार्धातील क्रियापद बदलत जाते. प्रेमाच्या जागी नावड येते, नावडीच्या जागी द्वेष येतो, शेवटी मारण्याचा संकल्प येतो.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास हे उदाहरण पाठ्यपुस्तकात शोभण्यासारखे वाटेल. वाक्याचा साचा स्थिर, सुरावट स्थिर, आवाजातील गोडवाही स्थिर. एकाच स्थानी एकामागून एक पदे बदलली जातात आणि त्या एका स्थानातून सगळे भय पाझरते. हा साचा कोठून आला हेही जाणण्याजोगे आहे. त्या वेळी अमेरिकेत मॅटेल कंपनीची ‘चॅटी कॅथी’ ही दोरी ओढताच ठराविक वाक्ये बोलणारी बाहुली घरोघर पोहोचली होती. तिच्या पोटात ज्या जून फोरे या अभिनेत्रीचा आवाज भरला होता, तिनेच ‘लिव्हिंग डॉल’मधील टॉकी टीनाला आवाज दिला. म्हणजे प्रेक्षकांच्या मुलींच्या खोल्यांत जो आवाज दिवसभर घुमत होता तोच रात्री पडद्यावरून धमकी देत होता. (बोलक्या बाहुलीचा इतिहास याहून जुना आहे. एडिसनने १८९० मध्ये पोटात छोटा फोनोग्राफ बसविलेल्या बाहुल्या विक्रीस काढल्या होत्या. त्यांचा आवाज इतका कर्कश होता आणि यंत्र इतके नाजूक होते की काही आठवड्यांतच तो व्यापार गुंडाळावा लागला. त्या बाहुल्यांच्या आज ऐकू येणाऱ्या ध्वनिमुद्रिका कोणत्याही भयपटास लाजवतील अशा आहेत, आणि त्या तर बालगीतांच्या आहेत.)

आता या कथेचा शेवट पाहा. बापाने बाहुलीला शेगड्यात आवळले, करवतीखाली धरले, ज्योतीने भाजण्याचा यत्न केला. तिला काही झाले नाही. रात्री कसलासा आवाज ऐकून तो खोलीबाहेर पडतो, जिन्यावर पडलेल्या बाहुलीला त्याचा पाय अडखळतो आणि तो खाली कोसळून मरतो. त्याला बाहुलीने मारले काय? होय, करणाच्या अर्थी निश्चितच. जिन्यात पडलेल्या कोणत्याही खेळण्याने माणूस मरू शकतो. कर्त्याच्या अर्थी? ती तेथे गेली कशी हे आपण पाहिलेले नाही. टीना ‘मी’ म्हणते हे खरे, पण ती जे म्हणते ते भविष्यकाळात. ‘मी मारले’ असे ती एकदाही म्हणत नाही. भविष्यकाळ बाहुलीच्या मुखी आणि भूतकाळ प्रेक्षकाच्या माथी, अशी ही वाटणी आहे. संपूर्ण प्रकरणात बाहुलीची हालचाल म्हणजे डोळा मिचकावणे, मान वळविणे, एवढीच काय ती. अधिक पैसा मिळाला असता तर हे प्रकरण बिघडले असते, याविषयी प्रस्तुत लेखकास संदेह नाही.

दुसरे उदाहरण ४ मार्च १९७५ रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविलेल्या ‘ट्रिलजी ऑफ टेरर’ या डॅन कर्टिसच्या चित्रपटातील ‘अमीलिया’ हा तिसरा भाग. रिचर्ड मॅथेसन याने आपल्याच १९६९ मधील कथेवरून त्याची संहिता लिहिली. एक सदनिका, एक स्त्री, एक लाकडी बाहुला. याखेरीज पडद्यावर काहीही नाही. करेन ब्लॅक ही अभिनेत्री आईशी दूरध्वनीवर बोलते, आणि पलीकडचा आवाजही आपणांस ऐकू येत नाही. बाहुल्याच्या कमरेची साखळी गळून पडते आणि थोड्या वेळाने तो जागेवर दिसत नाही. पुढे तो दिसतो, धावतो, चावतो, पण कसा? सोफ्याखालून येणारे भाल्याचे पाते, जमिनीलगत सरकणारी दृष्टी, दाराखालच्या फटीतून आत-बाहेर होणारी सुरी. बाहुला पुरतेपणी पडद्यावर आला की तो तितकासा भयानक वाटत नाही, कधी कधी तर हसू येते. सुरी तेवढी दिसली की अंगावर काटा येतो. सुरी हे करण आहे. तिच्या मागचा कर्ता फटीपलीकडे आहे.

भाषेच्या दृष्टीने या बाहुल्याचे वैशिष्ट्य असे की त्याच्या तोंडी ध्वनी आहेत पण भाषा नाही. तो अखंड किलबिलाटासारखे काही बरळतो. त्यात पद नाही, वाक्य नाही, म्हणून ‘मी’ही नाही. शेवटी तोच ‘मी’ अमीलियाच्या देहात शिरतो : ती आईला फोन करून घरी बोलावते आणि हाती सुरा घेऊन जमिनीवर दबा धरून बसते. शब्द आता आहेत, शांत आणि सुसंस्कृत. ते कोणाचे आहेत हे तेवढे सांगता येत नाही. या भागावर एक आक्षेप मात्र नोंदविलाच पाहिजे. बाहुला झुनी लोकांचा असल्याचे कथेत सांगितले आहे. न्यू मेक्सिकोतील या लोकांच्या प्रसिद्ध कोरीव मूर्ती म्हणजे मुख्यत्वे लहान दगडी प्राणिमूर्ती होत. दात विचकणाऱ्या त्या खुनी बाहुल्याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. एका जिवंत समाजाच्या नावावर असे खुशाल कर्तृत्व खपविणे ही या प्रकारच्या चित्रपटांची जुनी खोड आहे, आणि तिचे समर्थन करता येत नाही.

१९८० नंतर घरोघर चित्रफितीचे यंत्र आले आणि चित्रपटगृहाचे तोंडही न पाहणाऱ्या चित्रपटांस बाजार मिळाला. चार्ल्स बँड हा निर्माता या बाजाराचा खरा जाणकार. त्याच्या एम्पायर कंपनीसाठी स्टुअर्ट गॉर्डनने इटलीत ‘डॉल्स’ (१९८७) केला. तो परीकथेच्या वळणाचा असून त्यातील बाहुल्या बालपण विसरलेल्या प्रौढांस शिक्षा करतात. चित्रपट चांगला आहे, पण आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध थोडा. बँडच्या पुढल्या फुल मून कंपनीचा ‘पपेट मास्टर’ (१९८९) मात्र अधिक विचार करावयास लावणारा आहे. डेव्हिड श्मोलरने दिग्दर्शित केलेल्या आणि थेट चित्रफितीवर प्रसिद्ध झालेल्या या चित्रपटातील बाहुल्या डेव्हिड अॅलन या कुशल कारागिराच्या देखरेखीखाली तयार झाल्या. आरंभ १९३९ मधील. आंद्रे तूलाँ हा वृद्ध बाहुलीकार कॅलिफोर्नियातील एका हॉटेलात आपल्या बाहुल्या भिंतीआड दडवितो आणि नाझी हेर दाराशी येताच स्वतःवर गोळी झाडून घेतो.

या आरंभीच्या प्रसंगात एक बाहुला हॉटेलभर धावत जातो, आणि आपण त्याला जवळजवळ पाहतच नाही. आपण त्याच्या डोळ्यांनी पाहतो : पायऱ्या पर्वतासारख्या, माणसांचे जोडे, टेबलांची खालची बाजू. जमिनीपासून वीतभर उंचीवरून सरकणारा कॅमेरा ही काटकसरीची युक्ती आहे, कारण बाहुला धावविण्याचा खर्च वाचतो. पण तिचा परिणाम व्याकरणिक आहे. ज्याची दृष्टी आपण उसनी घेतली तो कर्ता असला पाहिजे, असे आपण धरून चालतो. आणि तरी त्याला समोर उभा केला की तो लाकडाचाच असतो.

येथे कारकविचारात एक पद वाढते. मराठीत ‘मारणे’ यावरून ‘मारविणे’ हे प्रयोजक रूप होते, आणि मग मारविणारा एक आणि ज्याच्याकडून मारविले तो दुसरा, असे दोन कर्ते संभवतात. तूलाँच्या पश्चात् त्याची विद्या हस्तगत करणारा खलनायक बाहुल्यांकडून माणसे मारवितो. तोवर त्या प्रयोज्य आहेत. त्यांचा अपराध कितपत, याचा विचारही आपल्या मनात येत नाही. पण शेवटी तो त्यांच्यातील एका बाहुल्याला निष्ठुरपणे फेकून देतो आणि बाकीच्या त्याच्यावर उलटतात. प्रयोज्य पद प्रयोजकाचा जीव घेते. या चित्रपटातील पात्रे कच्ची आहेत, मधला भाग रेंगाळतो, मानवी संवाद तर सहन होत नाहीत. पण बाहुल्या मुक्या आहेत आणि त्यांच्या निष्ठेचा हा फेर शब्दावाचून दाखविला आहे, म्हणून तो लक्षात राहतो. पुढील भागांत, विशेषतः बर्लिनमध्ये घडणाऱ्या तिसऱ्या भागात (१९९१), बाहुल्यांना पूर्वचरित्र मिळाले. त्या नाझींनी मारलेल्या माणसांचे आत्मे ठरल्या आणि प्रेक्षकांच्या लाडक्या झाल्या. त्या भागाचे चाहते पुष्कळ आहेत, आणि साहसकथा म्हणून तो सरसही आहे. भय मात्र त्यातून गेले, कारण आता त्या निःसंशय कर्त्या होत्या. त्याच कंपनीच्या ‘डेमॉनिक टॉइज’ (१९९२) या चित्रपटाने तर दुसरे टोक गाठले. गोदामातील त्या खेळण्यांपैकी एक बालरूपी बाहुली सारखी अर्वाच्य बडबड करते. बोलण्याची शक्ती हाती आल्यावर खेळण्याने काय बोलावे, याचा इतका दरिद्री विचार क्वचितच कोणी केला असेल.

बोलण्याचा प्रश्न ‘चाइल्ड्स प्ले’ (१९८८) या चित्रपटाने ऐरणीवर आणला. टॉम हॉलंडचा हा चित्रपट वरील कृतींच्या मानाने सधन आहे, आणि त्याची मूळ कल्पना डॉन मॅन्चिनीची. मुलांस लक्ष्य करणाऱ्या जाहिरातींवरील उपरोधातून ती निघाली, हे त्यातील ‘गुड गाय’ बाहुल्याच्या जाहिराती पाहता स्पष्टच दिसते. मरणाऱ्या गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला आहे हे आपणांस आरंभीच सांगितले जाते, आणि तरीही पूर्वार्धात दिग्दर्शक बाहुल्याला मोठ्या संयमाने झाकून ठेवतो. छोटी पावले, पिठावर उमटलेला ठसा, मुलाची साक्ष. मुलाचे म्हणणे आहे की हे बाहुल्याने केले. मोठ्यांचे म्हणणे आहे की हे मुलाने केले. एका ‘-ने’साठी दोन उमेदवार उभे आहेत. मग आई रिकामे खोके उचलते आणि त्यातून विद्युत्‌घट खाली पडतात, वापरावाचून तसेच राहिलेले. बाहुला इतके दिवस कशाच्या बळावर बोलत होता? या चित्रपटातील उत्तम क्षण हाच होय. बाहुला काहीच करीत नाही. केवळ त्याच्या करणत्वाचा पुरावा नाहीसा होतो.

पुढच्याच क्षणी तो शिव्या देऊ लागतो, आणि ब्रॅड डूरिफचा आवाज कितीही दमदार असला तरी तेथून चित्रपट पाठलागाचा होतो. याचे कारण मराठी व्याकरण फार नेमके सांगते. प्रथम व द्वितीय पुरुषाच्या सर्वनामांस प्रमाण मराठीत भूतकाळातही कर्त्याचा ‘-ने’ लागत नाही. ‘त्याने मारले’, पण ‘मी मारले’, ‘तू मारलेस’. (जुन्या मराठीतील ‘म्यां’, ‘त्वां’ या रूपांचा इतिहास वेगळा आहे.) करणाच्या किंवा सामर्थ्याच्या अर्थी ‘माझ्याने’ असे निराळेच रूप योजावे लागते. म्हणजे ‘मी’ कधीही करणाशी गल्लत होऊ देत नाही. बाहुला जोवर तृतीयपुरुषी आहे तोवर तो संशयित आहे. त्याने ‘मी’ म्हटले की तो केवळ गुन्हेगार आहे. गुन्हेगाराची भीती वाटते, नाही असे नाही; पण ती सर्वपरिचित भीती होय. चित्रपटकर्त्यांना हे अंधुकपणे जाणवले असावे. त्यांच्या कथानियमानुसार बाहुल्याला ज्याच्यापाशी त्याने आपली खरी ओळख प्रथम उघड केली त्याच्याच देहात शिरता येते. ‘मी’ हा ‘तू’वाचून उच्चारता येत नाही, हे बेन्व्हेनिस्तने सर्वनामांविषयी मांडलेले तत्त्व, येथे त्याचे अक्षरशः रक्तमांसाचे रूप झाले आहे. ‘अॅनाबेल’ (२०१४) या पुढल्या काळातील यशस्वी चित्रपटाने, त्याचा खर्चही सुमारे ६५ लाख डॉलर इतका माफकच होता, हा पेच निराळ्या वाटेने सोडविला. तेथील बाहुली स्वतः चालत नाही, बोलत नाही. पिशाच तिच्या ठायी वसते. ती कर्ता नव्हे, करण नव्हे, अधिकरण होय. सप्तमीतील बाहुली भीती घालते खरी, पण ती भीती एखाद्या पछाडलेल्या वाड्याचीही असू शकली असती.

हा सर्व केवळ वैयाकरणाचा खेळ आहे, असे कोणास वाटल्यास १९९३ सालचे एक प्रकरण पाहावे. फेब्रुवारी महिन्यात इंग्लंडातील लिव्हरपूल येथे दोन वर्षांच्या एका बालकाची हत्या झाली आणि नोव्हेंबरात दहा-अकरा वर्षांच्या दोन मुलांस तीबद्दल दोषी ठरविण्यात आले. न्यायाधीशांनी हिंसक चित्रफितींचा संपर्क हे अंशतः कारण असू शकेल असे म्हटले. त्यांनी कोणत्याही चित्रपटाचे नाव घेतले नाही. वृत्तपत्रांनी ते घेतले : ‘चाइल्ड्स प्ले ३’ (१९९१). एका मुलाच्या पित्याने तो भाड्याने आणला होता, एवढ्यावरून. मुलांनी तो पाहिल्याचा पुरावा पोलिसांस मिळाला नाही. तरीही महिनोन् महिने सार्वजनिक चर्चेत ‘-ने’ हा प्रत्यय त्या चित्रफितीस जोडलेला राहिला, आणि १९९४ मध्ये चित्रफितींच्या प्रमाणपत्राविषयीचा कायदा अधिक कडक झाला. मुले कर्ती आहेत असे म्हणणे समाजास जड गेले. म्हणून त्याने त्यांना करण केले आणि एका प्लॅस्टिकच्या डबीस कर्ता केले. म्हणजे जो तर्क त्या चित्रपटांतील मूल बोलून दाखविते आणि ज्यावर मोठी माणसे विश्वास ठेवीत नाहीत, तोच तर्क. ज्यास भाषेतील कर्तृत्वाचा प्रश्न पोकळ वाटतो, त्याने त्या काळची वृत्तपत्रे या दृष्टीने चाळावीत.

त्याच १९९३ साली महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’ या चित्रपटाने हा विषय मराठीत आणला. कथेचा सांगाडा ‘चाइल्ड्स प्ले’चा आहे हे उघड आहे. वूडूच्या जागी मृत्युंजय मंत्र आला, आणि दिलीप प्रभावळकर यांनी रंगविलेल्या तात्या विंचू नामक गुंडाचा आत्मा बाहुल्यात शिरला. परंतु मराठी लेखकाने एक बदल असा केला की ज्याचे पुरेसे मोल झालेले नाही. बाहुल्याचा धनी येथे मूल नसून लक्ष्मीकांत बेर्डे यांनी साकारलेला शब्दभ्रमकार आहे, आणि पडद्यावरचा तो बाहुला रामदास पाध्ये यांच्या हातचा आहे. पाध्ये पितापुत्रांच्या अर्धवटरावाने महाराष्ट्रातील प्रेक्षकांस अनेक दशके एक विशिष्ट व्याकरण शिकविले होते : बाहुला ‘मी’ म्हणतो, आणि तो ‘मी’ कोणाचा आहे हे आपण जाणतो, व जाणूनही न जाणल्याचे सोंग करतो. शब्दभ्रमात बाहुला करण आहे आणि कर्ताही आहे. दोन्ही एकदम असण्यातच त्याची गंमत. अशा प्रेक्षकांपुढे तात्या विंचू बोलू लागला तेव्हा तो त्यांना ओळखीचा वाटला. ते भ्यालेही आणि हसलेही. अमेरिकन चित्रपटात बाहुल्याचे बोलणे भयाचा शेवट करते. मराठीत ते विनोदाचा आरंभ करते. हा दोष नव्हे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. ‘तात्या’ हे वडीलधाऱ्या माणसाचे आदराचे नाव आणि त्यापुढे ‘विंचू’, एवढ्या जोडणीतच तो विनोद पेरलेला आहे. २०१३ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात त्रिमितीच्या तंत्राने बाहुला पडद्यातून प्रेक्षकाच्या अंगावर धावून आला. म्हणजे तो आता पुरता वर्तमानकाळी झाला होता, आणि त्यात पहिल्याची गोडी नव्हती.

या मराठी चित्रपटाचे नाव मात्र मूळ इंग्रजी नावाहून सरस आहे. ‘झपाटलेला’ हे ‘-लेला’ प्रत्ययान्त धातुसाधित विशेषण असून त्याचे विशेष्य सांगितलेले नाही. पुल्लिंगी एकवचनावरून ते बाहुल्यास लागते आणि त्याच्या धन्यासही. झपाटला गेला तो त्या दोघांतील कोण, याचा उलगडा नाव करीत नाही. आणि कोणी झपाटले, हे सांगणारे ‘-ने’ प्रत्ययाचे पद त्यातून गाळलेले आहे.